सभेआधी सांगायचं नाही

ऑक्टोबर संपत आला की सांगलीच्या हवेत तीन गोष्टी एकदम येतात. साखर कारखान्यांच्या मळीचा वास, द्राक्षबागांवरच्या फवारणीचा वास आणि शास्त्रीय सभांची निमंत्रणं. पहिल्या दोन वासांची नाकाला सवय होते. निमंत्रणांची मला इतक्या वर्षांत झालेली नाही.

परवा आमच्या विषविज्ञान मंडळाचं निमंत्रण आलं. पूर्वी ते पिवळट कागदावर सायक्लोस्टाइल होऊन पोस्टानं यायचं आणि उघडताना शाई बोटांना लागायची. आता फोनवर येतं आणि त्यात एक समई आपोआप पेटत-विझत राहते. मजकूर तोच. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांचं भाषण, आणि या सगळ्याच्या फटीत, वेळ उरल्यास, विज्ञान. यंदा सत्कारमूर्तींत माझंही नाव आहे. ज्येष्ठ सदस्य म्हणून. ज्येष्ठ म्हणजे अजून सापडणारा. मंडळाच्या तरुण चिटणिसाचा फोन आला होता.

"सर, शाल चालेल ना? काही ज्येष्ठ म्हणतात, घरात ठेवायला जागा नाही."

"चालेल," मी म्हटलं. "शालीनं माझं काही वाकडं केलेलं नाही."

तो हसला. माझा विनोद नव्हता तो. फोन ठेवल्यावर मला एक शाल आठवली. मरून रंगाची, काठाला खोटी जर असलेली. ती मला मिळालेली नव्हती, पण साताऱ्याच्या बाजारपेठेतून ती विकत आणली होती मीच, स्वागत समितीचा सदस्य म्हणून. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. त्या हिवाळ्यातल्या बाकीच्या शाली कुठं गेल्या कुणास ठाऊक. हिचं काय झालं ते मी पाहिलं.

आमचं मंडळ म्हटलं तर दोन जिल्ह्यांचं, म्हटलं तर दोन जीपगाड्यांत मावणारं. सातारा आणि सांगली मिळून विषांचा अभ्यास करणारी माणसं असून असून असणार किती? रसायनशास्त्र शिकवणारे आम्ही काही प्राध्यापक, इस्पितळातले थोडे डॉक्टर, एक पशुवैद्य, आणि सापाच्या विषावर आयुष्य काढलेले कोयनानगरचे एक गृहस्थ, ज्यांना सापापेक्षा माइकची धास्ती जास्त. एका वर्षी सभा साताऱ्यात, एका वर्षी सांगलीत. सातारकर पंगतीत कंदी पेढा वाढायचे, सांगलीकर निघताना हातात भडंगाची पुडी द्यायचे. या दोहोंत सरस काय, यावर वर्षभर जेवढा खल व्हायचा तेवढा एखाद्या निबंधावर झालेला मला आठवत नाही.

तो हंगाम मात्र सुंदर असायचा, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी कृष्णेवरून धुकं वर सरकत असे. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या कुरकुरत जात आणि मागून सायकलवर पोरं एखादं कांडं उपसायच्या खटपटीत असत. तासगावच्या बाजूला गेलं की दोन्हीकडे छाटलेल्या द्राक्षबागा. आधी नुसत्या काड्या, मग पोपटी फूट, मग बाजरीच्या दाण्याएवढे घोस. आणि त्या कोवळ्या हिरव्यावर दिवसाआड पांढरा धूर उठायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बागेत कुणी धूप घातलाय. जवळ गेलं की कुजक्या लसणासारखा वास नाकात शिरायचा आणि घशात बसायचा. गावात त्याला औषध म्हणत. औषध मारायला चाललोय, औषध संपलं, औषध महागलं. आम्ही सभेत त्याला लांबलचक नावं द्यायचो. वास एकच.

शैलाची आणि माझी ओळख त्या वासातच झाली म्हणायला हरकत नाही. शैला भावे, वाईची. आमच्या महाविद्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायची आणि आमचे विभागप्रमुख साठे सर यांच्या हाताखाली संशोधन करायची. मुलगी बोलायला कमी, चालायला भरभर. तिचा विषय एका वाक्यात सांगता येतो, म्हणूनच बहुधा मंडळात त्याला फारसा मान नव्हता. माणसाच्या रक्तात एक घटक असतो, तो नसांना आवर घालतो. या फवाऱ्यांनी तो घटत जातो. फार घटला की माणूस घामाघूम होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडाला लाळ सुटते, आणि एखाद्या दिवशी तो बागेतच आडवा होतो. आडवा होण्याआधी रक्त काही सांगतं का? एवढंच तिला पाहायचं होतं. म्हणून हंगामाच्या आधी एकदा रक्त घ्यायचं, फवारण्या सुरू झाल्यावर पुन्हा घ्यायचं आणि ताडून बघायचं.

तपासणीची रसायनं माझ्या प्रयोगशाळेत होती, म्हणून मी तिच्याबरोबर जायचो. नमुने गार ठेवायला बर्फ कुल्फीवाल्याकडून घ्यायचा. तो विचारायचा, "आज कसली कुल्फी, सर?" रक्ताच्या नळ्या बर्फात घालून एसटीत मांडीवर धरून आणायच्या. कंडक्टरला खरं सांगायची सोय नव्हती. शैला सांगायची, "दही आहे."

दत्तू माने आम्हाला तासगावकडच्या एका गावात, फवारणाऱ्यांचं रक्त घेताना भेटला. पस्तिशीचा, काटक, हसताना एक डोळा मिटणारा. गावात फवारणीला त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लांब नळीच्या टोकाची पितळी गन धरून तो ओळीतून चालायचा तो उघड्या अंगानं, आणि पान भिजायचं पण ठिबकायचं नाही. स्वतःची थोडी बाग झाली की तो दुसऱ्यांच्या बागा मारायला जायचा. पहिल्या वेळी दंडाला रबर बांधल्यावर तो म्हणाला होता, "बाई, समदं काढू नका. चमचाभर ठिवा अंगात. घरची बी पीत असत्या."

घरची दारात उभी होती. "ऐकलं मी," ती म्हणाली.

"ऐकायलाच बोललो की गं."

शैलानं त्या दिवशीही सांगितलं होतं, पुढेही दर खेपेला सांगितलं, की हातमोजे घाला, सदरा घाला, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहू नका. दत्तू मान डोलवायचा. "मोजं घातलं की गन हातात ऱ्हात न्हाई, बाई. आन् उकडतंय लय."

दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या खेपेचे निकाल हातात आले. बाकीच्यांचा घटक थोडाफार उतरला होता. दत्तूचा आधीच्या निम्म्याच्याही खाली गेला होता. चूक झाली असेल म्हणून आम्ही उरलेल्या नमुन्यावर तपासणी पुन्हा केली. तेच. बाहेर पोरं लवंगी फटाके उडवत होती आणि शैला परीक्षानळी उजेडात धरून उभी होती. तिला आनंद व्हायला हवा होता. रक्त आधी सांगतं, हे तिचं म्हणणं खरं ठरत होतं. ती एवढंच म्हणाली, "दत्तूभाऊ परवा म्हणत होते, डोळ्यांपुढे जाळी येते. मला वाटलं, पंपाच्या इंजिनच्या धुरानं असेल."

इथं आमच्या मंडळाचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सारं त्यातून झालं. सभेत वाचायचा निबंध आधी कुठंही छापलेला, वाचलेला, बोललेला चालत नसे. निष्कर्ष बाहेर गेला की निबंध बाद. बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटेल, पण त्यामागे एक कारण होतं आणि ते मी पाहिलेलं होतं. काही वर्षांपूर्वी एका उत्साही सदस्यानं आपले अर्धेकच्चे आकडे चहा पिताना एका बातमीदाराला सांगितले. द्राक्षात विष, असं मोठ्या अक्षरात छापून आलं. बाजार बसला. बागायतदार महाविद्यालयाच्या आवारात येऊन उभे राहिले. साठे सर एकटे त्यांच्यासमोर गेले, भर उन्हात उभे राहिले आणि चूक आमची आहे म्हणाले. नियम त्यानंतरचा. साठे सर मंडळाचे अध्यक्ष होते, सरळ होते, वेळेचे पक्के होते, आणि त्या दिवसानंतर त्यांना चहाचीसुद्धा धास्ती वाटायची.

शैला त्यांच्याकडे गेली तेव्हा मी तिथंच होतो.

"सर, या माणसाला सांगायला हवं."

"सांगायचंच आहे की. दिवाळीनंतर सभा आहे. तिथं चारचौघांसमोर, आधारासकट सांगू. तोवर काळजी घ्यायला सांग. हातमोजे घाल म्हणावं."

"ते मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"मग झालं तर." सरांनी दार लोटून घेतलं. "शैला, एका माणसाला सांगितलं की गावाला कळतं. गावाला कळलं की छापून येतं. निबंध जाईल तुझा. नेमणुकीचं मग मी काय सांगू वरती?"

दिवाळीनंतर म्हणजे दोन आठवडे. एवढं काय बिघडतं, असं कुणीही म्हणालं असतं. मीही म्हणालो.

सभा सांगलीत व्हायची होती. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता. पण प्रमुख पाहुण्यांना सवड होईना. पाहुणे मुंबईचे, मोठ्या हुद्द्यावरचे. विषाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या खात्यात सगळ्याच गोष्टींचा समावेश होता. सभा पुढे गेली. मग पाहुण्यांना परदेशी जायचं निघालं. सभा आणखी पुढे गेली. मग कळलं की नाताळच्या सुटीत ते सहकुटुंब पाचगणीला येणार आहेत, तेव्हा जाताना थोडी वाट वाकडी करून साताऱ्यात सभा उरकता येईल. सांगलीकर रुसले, भडंगाची मागणी रद्द झाली, आणि सभा वर्षाच्या शेवटी साताऱ्याला ठरली. पाहुण्याशिवाय सभा घ्यावी, असं कुणाच्या मनात आलं नाही. नवरदेवाशिवाय लग्न लावा म्हटल्यासारखं झालं असतं ते.

द्राक्षवेलीला पाहुण्यांची सवड ठाऊक नव्हती. ती वाढत होती. ढग यायचे, कीड यायची, दत्तू फवारत होता. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही गेलो तेव्हा तो बांधावर बसून विडी पेटवत होता आणि काडी विडीला लागत नव्हती. शैला ते बघत होती.

"काय निघालं वं बाई आमच्या रगतात?"

"सभा झाली की सांगते, दत्तूभाऊ."

"सभा कवा?"

"आता महिनाभर पुढे गेली."

दत्तूनं काडी टाकली. "म्हंजे रगात माझं आन् सभा तुमची. कमाल हाय." मग तो हसला, एक डोळा मिटून. "बरं निघालं असंल तर हळूच सांगा की. वाईट असंल तर मग सभेतच सांगा."

"थोडे दिवस फवारणी थांबवता का?" शैलानं विचारलं.

"कशापायी?"

तिला कारण सांगता येत नव्हतं. कारण म्हणजेच निष्कर्ष. ती म्हणाली, "असंच. विश्रांती म्हणून."

"विश्रांती?" दत्तूनं शेजारी खुरपणाऱ्या घरचीकडे पाहिलं. "ह्या दिसांत? आवं, फूट बसलीया बागंत. विश्रांती घ्यायला मी काय पेन्शनीत निघालोय?"

परत येताना एसटीत ती बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टरनं विचारलं तेव्हा दही आहे म्हणायचं ती विसरली.

आता मागे वळून पाहताना त्या महिन्याचा शीण अजून अंगात जाणवतो. काही घडत नव्हतं त्याचा शीण. रोज सकाळी धुकं, रोज शिकवणं, रोज एखादी समिती. स्वागत समिती, भोजन समिती, बिल्ले समिती. सहभागी शेतकऱ्यांचाही सत्कार करावा, ही सूचना भोजन समितीतून आली. सगळ्यांना ती फार आवडली. समाजाचं ऋण फेडल्यासारखं दिसतं, असं एकजण म्हणाले. फेडल्यासारखं दिसतं, हे शब्द मी कान देऊन ऐकले. त्या सत्कारासाठी मी शाली आणायला साताऱ्याला आधी गेलो, आणि दुकानदारानं विचारलं, "लग्नाच्या का सभेच्या?" मी म्हटलं, सभेच्या. तो म्हणाला, "मग ह्या घ्या. ह्या एकदाच उलगडतात."

सभेच्या दिवशी साताऱ्यात कडाक्याची थंडी होती. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ऊन आलं तरी हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या बर्फासारख्या. आमच्या जीपमधून दत्तूही आला होता, धुतलेला पायजमा, कडक टोपी घालून. वाटेत त्यानं ड्रायव्हरला सांगितलं होतं, "आज माझ्या रगताचा निकाल हाय. पास झालो तर पेढं, नापास झालो तरी पेढंच. साताऱ्यात दुसरं काय मिळतंय?"

समई वाऱ्यानं तीनदा विझली. पाहुणे हसून काडी ओढत राहिले, फोटोवाला पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "साहेब, इकडे." मग परिचय, मग सत्कार, मग पाहुण्यांचं भाषण. आपण सगळेच एका अर्थानं विषाच्या शोधात आहोत, असं काहीतरी ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग सहभागी शेतकरी म्हणून दत्तूला वर बोलावलं. मरून शाल, नारळ, पुष्पगुच्छ. एवढ्या गोष्टी दोन हातांत कशा धरायच्या या पेचात तो होता. सूत्रसंचालक म्हणाले, "दोन शब्द बोलावेत." असं म्हणायचं असतं म्हणून ते म्हणाले. दत्तू खरंच माइकजवळ गेला.

"शाल दिली, नारळ दिला, लय बरं वाटलं," तो म्हणाला. "माझ्या रगताचं काय झालं त्ये बी आता सांगा की, सायेब."

सभागृह हसलं. मनापासून हसलं. त्या सकाळी पहिल्यांदाच. पाहुणेही हसले आणि साठे सरांकडे वळले. साठे सर हसले नाहीत. ते माइकशी वाकून म्हणाले, "ते दुपारच्या सत्रात आहे."

"दुपारी, तर दुपारी," दत्तू म्हणाला आणि खाली उतरला. उतरताना पायरीवर त्याचा हात थरथरत भिंतीला लागला. नारळाच्या ओझ्यानं, असं कुणालाही वाटलं असतं.

जेवणाच्या आधी हात धुवायच्या नळापाशी शैलानं सरांना गाठलं. "सर, दुपारी पहिला निबंध माझा घ्याल ना?"

"पाहुण्यांना उजेडात घाट चढायचाय," सर हलक्या आवाजात म्हणाले. "आभारप्रदर्शन आधी घ्यावं लागेल. निबंध नंतर. थोडक्यात. एकेकाला सारांशापुरताच वेळ देऊ. पण होईल गं. आजच होईल."

नळ तसाच वाहत होता, तो शैलानं बंद केला. मग ती आवारातल्या चिंचेखाली गेली. तिथं दत्तू उकिडवा बसून मसालेभात खात होता, शाल मांडीवर घडी करून ठेवलेली. मी ताट घेऊन त्याच्याच शेजारी होतो. ती त्याच्यासमोर सरळ जमिनीवर बसली.

"दत्तूभाऊ, तुमचा निकाल सांगते. तुमच्या रक्तात नसांना आवर घालणारी एक गोष्ट असते. ती हंगामाआधी होती त्याच्या निम्म्याहून खाली आलीय. औषधामुळं. डोळ्यांपुढे जाळी येते, हात कापतो, ते त्यामुळंच. आता फवारणी पूर्ण बंद. ती भरून येईपर्यंत. आणि उद्या इस्पितळात यायचं, मी असेन तिथं."

दत्तूनं घास ताटात ठेवला. "म्हंजे इख चढलंय म्हणा की."

"चढतंय."

"तुमाला कवापासनं ठावं हाय, बाई?"

चिंचेची पानं खाली गळत होती, त्याच्या भातात पडत होती. शैलानं त्याच्याकडे बघूनच सांगितलं. "दिवाळीपासून."

तो रागावेल असं वाटलं. त्यानं भातातलं एक पान उचलून बाजूला टाकलं.

"दिवाळीपासनं लय बागा मारल्या की वं मी," तो म्हणाला. एवढंच.

दुपारी पाहुण्यांचे आभार मानले गेले. पाहुणे पाचगणीला गेले आणि त्यांच्याबरोबर निम्म्या खुर्च्याही गेल्या. उरलेल्यांत पेंग होती. शैलाचं नाव पुकारलं तेव्हा ती माइकपाशी गेली. हातात कागद नव्हता.

"माझा निबंध नियमात बसत नाही," ती म्हणाली. "त्यातला निष्कर्ष मी सभेआधी बाहेर सांगितलाय. ज्याचं रक्त होतं त्याला."

मागच्या ओळीत कुणाची तरी खुर्ची वाजली. साठे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटतं, तेवढ्या वेळात ते बागायतदारांसमोरच्या त्या उन्हात जाऊन आले असावेत. नियम बाजूला ठेवून तिला वाचू द्यायचं की निदान नियम मोडल्याचा दोष तिच्यावरून काढायचा, या दोहोंपैकी त्यांना एक करता आलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"पुढचा निबंध," ते म्हणाले.

पुढचा निबंध सापाच्या विषावर होता. कोयनानगरच्या गृहस्थांनी तो माइकपासून हातभर लांब उभं राहून वाचला आणि कुणालाही ऐकू आला नाही.

परतताना कराडच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. मळीचा वास जीपमध्ये भरला. दत्तू मागच्या बाकावर शाल पांघरून बसला होता.

"मी थांबतो, बाई. पर बागा थांबत न्हाईत. सदाला लावतो."

सदा त्याचा थोरला भाऊ. फौजेतून नुकताच निवृत्त होऊन आलेला.

"सदाभाऊंचं रक्त आधी घ्यायचं," शैला म्हणाली. "मग फवारणी."

"आता काय गावाचंच रगात काढता व्हय?" दत्तू म्हणाला, आणि ड्रायव्हर हसला, आणि मग दत्तूही हसला. एक डोळा मिटून.

शैलाची नेमणूक त्या वर्षी पुढे वाढवली नाही. वरून कारण विचारलं असतं तर देण्यासारखं होतं, पण कुणी विचारलंही नाही. ती पुढे दुसऱ्या गावी गेली, तिथं तिनं हेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. साठे सर निवृत्त होईपर्यंत अध्यक्ष राहिले. नियमही राहिला. यंदाच्या सभेचा विषय आहे, संशोधन समाजापर्यंत कसं पोचवावं. दोन दिवस चर्चा आहे. मला वाटतं शाली या वेळी जरा बऱ्या असतील.

पण मी सांगत होतो त्या मरून शालीचं. दत्तू शैलाच्या सांगण्याप्रमाणे इस्पितळात आला. नंतरच्या आठवड्यात आम्ही सदाचं रक्त घ्यायला गावी गेलो. जानेवारी लागला होता, आभाळ भरून आलं होतं. दत्तू बांधावर निंबाखाली बसलेला दिसला. त्यानं लांबूनच हात वर केला. "मी थांबलोय बघा, बाई!" आणि त्याच्यामागे बागेतून पांढरा धूर उठत होता.

धुरातून सदा बाहेर आला. ताठ, फौजी चालीनं. हातात गन. आणि नाकातोंडावर, मानेपाशी गाठ मारून, घट्ट बांधलेली मरून शाल. तिची खोटी जर ओली होऊन काळी पडली होती.

"आधी रक्त, मग फवारणी, असं ठरलं होतं ना?" शैला ओरडलीच.

"ढग आलं, मॅडम. डावणीची बुरशी पडली की घोस गेला. कीड आन् डावणी, एकदमच मारतूय." सदा शालीतून बोलत होता. "काळजी करू नका. फौजेत गॅसची ट्रेनिंग झालीया आमची. मास्क न्हाई गावला, म्हणून ह्ये लावलं."

शैला पुढे झाली आणि तिनं स्वतःच्या हातानं ती गाठ सोडली. शाल चिंब झाली होती. ती दोन बोटांत धरून तिनं लांब टाकली. "ओलं फडकं तोंडावर बांधलं की औषध बाहेर राहत नाही, सदाभाऊ, आत जातं. श्वासागणिक." तिनं त्याला विहिरीच्या पाण्यानं तोंड, मान, हात धुवायला लावले, दत्तूच्या घरचीनं साबण आणला. मग निंबाखाली खाटेवर त्याला बसवून दंडाला रबर बांधलं. मी बर्फाचा डबा उघडला. शाल बांधाच्या पलीकडे चिखलात पडली होती आणि एक कोंबडी तिच्या जरीला टोचून बघत होती.

"बाई, ह्याचा निकाल कवा?" दत्तूनं विचारलं. "का परत साताऱ्याला यायला लागंल? शाल एक पुरं हाय आमाला."

शैला सुईकडे बघत होती. नळी हळूहळू भरत होती.

"उद्या," ती म्हणाली. "मीच येते सांगायला."